कार्डाची मागची बाजू

संपादक मंडळाने मला सांगितलं की सुरुवात पहिल्या भेटीपासून करा. करतो. पण त्याआधी एक गोष्ट. या गौरवग्रंथात माझ्या पुढेमागे लिहिणारे सगळे डॉक्टर, प्राचार्य, विभागप्रमुख आहेत. मी बाळकुमचा कुणाल म्हात्रे, एस. वाय.ला कॉलेज सोडलेला. प्रा. मंदाकिनी गांगुर्डे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मी लिहावं असं मलाही वाटलं नव्हतं. तरी मीच मागून पानं घेतली, कारण बाईंच्या नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अर्ध्या पानाची एक नोंद आहे. तिच्यात बाईंनी स्वतः शोधलेलं एकुलतं एक शब्दमूळ मागे घेतलंय, आणि चूक माझी असं लिहून खाली सही केलीय. त्यावरून कुजबुज चालू आहे. "वय झालं हो आता," हे मी कल्याणच्या एका कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारे गृहस्थ हा ग्रंथ नक्की वाचतील. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं.

पहिली भेट पाच-सहा वर्षांपूर्वीची. मी नुकताच ईशान्येकडून परत आलेलो. का गेलेलो याला धड कारण नाही. मित्राची बाईक होती, त्याला गुवाहाटीपर्यंतच जायचं होतं आणि मला परत यायचं नव्हतं. सात महिने फिरलो. परतल्यावर एका रविवारी सकाळी कल्याण पूर्वेच्या एका बुद्धविहारात गेलेलो, तेही मित्राच्या बहिणीला कसलंसं बक्षीस होतं म्हणून. बक्षिसाआधी व्याख्यान असणार हे कुणी सांगितलं नव्हतं.

व्यासपीठावर पांढऱ्या साडीतल्या एक बारक्याशा बाई उभ्या होत्या आणि फळ्यावर एकच शब्द पाच प्रकारे लिहीत होत्या. तिबेटीत मिग, गारोत मिक, मिझोत मित, मणिपुरीतही मित, जुन्या बर्मी लिखाणात म्यक. सगळ्यांचा अर्थ डोळा. हिमालयापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या या भाषा एका घरातून निघाल्या, घर कुठे होतं कोणाला नक्की माहीत नाही, पण त्या घरात डोळ्याला काय म्हणत असतील हे असं मागे मागे जात काढता येतं, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनी खाली एक रूप लिहिलं आणि त्याच्या डोक्याशी छोटासा तारा काढला. "हा तारा वाचायचा नसतो," त्या म्हणाल्या. "तारा म्हणजे हा शब्द आजवर कोणीही ऐकलेला नाही. आम्ही मांडलेला आहे. उद्या चुकीचा ठरू शकतो."

मला राहवलं नाही. हात वर केला आणि म्हटलं, "मॅडम, मी तिकडे राहून आलोय. माझ्याकडे एक आजी आहे, डोळ्याचं बोलते." सभागृह हसलं. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग मी माइकला लावलं. पंचवीस-तीस सेकंदांचं असेल, त्यात कोंबडाही आरवला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणी म्हटला हा शब्द?"

"सांगितलं ना, एका आजीने."

"आजींना नाव असेल ना?"

ते मला माहीत नव्हतं. बक्षीस कसलं होतं ते आता आठवत नाही, पण हा प्रश्न आठवतो. पुढे तो पुन्हा एकदा आला, तेव्हा हसायला सभागृह नव्हतं.

बाईंच्या कामाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार लिहितील. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो, तेव्हा मला जेवढं दिसलं तेवढं सांगतो. बाईंचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. धम्म स्वीकारल्यावर त्यांना पाली शिकायची होती. पाळ्या आणि सहा पोरं यांत ते जमलं नाही, म्हणून त्यांनी थोरल्या मुलीला बसवलं. मुलगी पालीवरून तिबेटीकडे गेली, तिबेटीवरून बर्मीकडे, आणि मग परत आलीच नाही. कल्याणच्या चाळीत सुरू झालेलं ते काम आज डोंबिवलीला मानपाडा रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आहे. बुटांच्या खोक्यांत. सत्तरच्या वर खोके असतील. बाईंच्या धाकट्या बहीण सुशीलाताई त्यांच्याबरोबर राहतात, त्या म्हणतात, "लोकांना वाटतं आमचं चपलांचं दुकान बुडालं."

खोक्यात कार्डं. कार्डाचे नियम ठरलेले. स्वतःच्या कानांनी ऐकलेला शब्द निळ्या शाईत. पुस्तकातून घेतलेला काळ्या. आणि ताऱ्याचं, म्हणजे मांडलेलं मूळ, कायम पेन्सिलने. त्याला शाई लावायची नाही, मग ते कितीही पक्कं वाटो. ही झाली पुढची बाजू. मागच्या बाजूला माणूस: शब्द कोणी सांगितला, कुठल्या गावी, कधी, आणि सांगणारी बाई असेल तर तिचं माहेर कुठलं. हा शेवटचा रकाना बाईंनी स्वतःच्या अनुभवातून घातलेला. तिकडच्या डोंगरात एका दरीतली मुलगी दुसऱ्या दरीत नांदायला जाते आणि दोन दऱ्यांच्या भाषा दोन असतात, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बाईंच्या शिकवण्याची पद्धतही सांगायला हवी. मी वीस मिनिटांच्या वर एका जागी बसू शकत नाही. शाळेतही नव्हतो, अजूनही नाही. हा लेख लिहिताना मी चार वेळा खाली जाऊन आलोय. दुसऱ्या रविवारी माझा पाय हलताना बाईंनी पाहिला, वही मिटली आणि म्हणाल्या, "चल, खाली जाऊ. बसून येत नसेल तर चालत शीक." त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्यांच्या सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारत शिकलो. एका फेरीला एक ध्वनी. इकडे 'ग' दिसला तर तिकडे काय दिसायला हवं, आणि नाही दिसला तर का नाही. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाई माझ्यासाठी चालत होत्या. सोसायटीतल्या एका आजोबांना वाटलं डॉक्टरांनी सांगितलंय. बाई म्हणाल्या, "हो, सांगितलंय."

त्यांनी मला पहिलं काम दिलं ते तिबेटचं नाही, बाळकुमचं. आमच्या लोकांची मिठागरं होती. आता तिथे टॉवर आहेत आणि एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. बाई म्हणाल्या, मिठागराचे शब्द घेऊन ये. मी काकांना धरलं, चाळीस शब्द आणले, सगळ्या कार्डांच्या मागे काकांचं नाव. बाईंनी कार्डं चाळली आणि पाच बाजूला काढली. "हे डोक्यावरून मीठ वाहताना लागणारे शब्द आहेत. तुझे काका टोपली डोक्यावर घ्यायचे?"

"नाही. ते काकीनं सांगितले. काका चहा पीत होते मध्ये."

"मग काकींचं नाव कुठे आहे?"

मी तिथल्या तिथे पाच नावं बदलली. पुढच्या महिन्यात बाई बस बदलत बदलत बाळकुमला आल्या, काकीसमोर दोन तास बसल्या आणि जाताना तिला तिच्या शब्दांची यादी देऊन गेल्या, तिच्या नावासकट. काकीला वाचता येत नाही. तिने ती यादी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली. पाहुणे आले की सांगते, "ह्या माजा लिवलेला हाय." मी ते सगळं पाहिलं आणि तरीही शिकलो नाही.

आता मुद्द्यावर येतो.

बाईंनी चाळीस वर्षं इतरांची मुळं तपासली, दुरुस्त केली, पाडली. स्वतःचं म्हणून एकच मांडायचं होतं. तिकडच्या घरांत चुलीवर एक फळी टांगलेली असते, मांस, मका, ओली लाकडं धुरावर वाळवायला. त्या फळीचा शब्द. एकमेकांना लागून असलेल्या काही दऱ्यांत तो सारखा सापडत होता, पण तेवढं पुरत नाही. बाई चाळीचं उदाहरण द्यायच्या: एका चाळीतली सगळी घरं एकच गोष्ट सांगत असतील तर ती नळावर पसरलेली असू शकते. पण पन्नास वर्षांपूर्वी चाळ सोडून दूर गेलेला माणूसही तीच सांगत असेल, तर गोष्ट जुनी. बाईंना दूर गेलेला तो एक माणूस हवा होता, म्हणजे फार पूर्वी वेगळी झालेली एखादी भाषा. तो शब्द तिथे सापडला असता तर त्या पहिल्या घरात, जे कोणी पाहिलेलं नाही, चूल होती आणि चुलीवर फळी होती, हे म्हणता आलं असतं. तीस वर्षं ते कार्ड मागच्या खोक्यात होतं. पेन्सिलसुद्धा लागलेली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मी पुन्हा गेलो, या वेळी बाईंची दोनशे शब्दांची यादी घेऊन, अरुणाचलात, अगदी तशाच एका भाषेच्या गावी. एका आजींच्या घरी आठ दिवस राहिलो. आजींना दम लागायचा, दिवसाला पंचवीसेक शब्द व्हायचे. शेवटच्या दिवशी अकरा राहिले. त्या दिवशी खालच्या गावात कसलासा उत्सव होता, नाच होता, गाडी निघत होती. आजी शेतावर गेलेल्या. मोबाईल चार्ज नव्हता. चुलीपाशी त्यांची सून बसलेली, तिला तोडकं हिंदी यायचं. मी उभ्या उभ्या विचारलं, तिने पटापट सांगितलं, मी वहीत लिहिलं आणि गाडी पकडली. नाच बरा होता. रात्री कार्डं भरताना सगळ्यांच्या मागे आजींचं नाव घातलं. त्या अकरात फळीचा शब्द होता.

तो शब्द बाईंनी वाचला तेव्हा मी समोर होतो. त्यांनी माझं कार्ड खाली ठेवलं. पेन्सिलला टोक काढलं, पुन्हा काढलं, आणि मागच्या खोक्यातल्या कार्डावर एक तारा काढून त्याच्यापुढे तीन अक्षरं लिहिली. सुशीलाताई मला आत घेऊन म्हणाल्या, "तीस वर्षांनी हिने साखरेचा चहा मागितलाय. काय आणलंस रे तू?"

ती तीन अक्षरं बाईंनी एक-दोन व्याख्यानांत मांडली, मग त्यांच्यावर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहिलं. बावीस पानं. याच सुमारास त्यांच्या नजरेचा मधला भाग जाऊ लागला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, थांबवता येईल, परत आणता येणार नाही. भिंग घेऊन ओळ ओळ वाचत बाईंनी मुद्रितं तपासली. "माझ्या डोळ्यांनी तपासलेलं हे शेवटचं," असं त्या फोनवर कोणालातरी सांगताना मी ऐकलंय.

पुस्तकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा शेवटचा संच, छपाईला जायच्या आठवड्यात आमच्याकडे आत्या जेवायला आलेली. आईचं माहेर खडवली. तिकडे नदी आणि मासं, आमच्याकडे खाडी आणि म्हावरा. आई वाढताना म्हणाली, "मासं घ्या अजून." आत्याने ताटावर हात धरला आणि म्हणाली, "तीस वर्सं खारीचा म्हावरा खातंस, पन तोंडान अजून नदीचाच हाय." सगळे हसले. आईही हसली, ती हे तीस वर्षं ऐकतेय. मी हसायला तोंड उघडलं आणि घास तसाच राहिला.

सून. ती कुठली होती?

मी हात धुऊन गच्चीवर गेलो. स्वतःला खूप समजावलं. असेल त्याच गावची. नसली तरी शब्द दोघींचा सारखाच असेल. आणि कळणार कोणाला? तिकडे परत जाणार कोण, मीच ना.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून निघालो. मानपाडा रोडला उतरलो, वडापाव खाल्ला, एका दुकानात मोबाईलची कव्हरं बघितली जी मला नको होती, मग वर गेलो. बाई भिंग घेऊन बसलेल्या. "बरं झालं आलास. ऐक," म्हणाल्या आणि वाचू लागल्या. भिंगाखाली एकेक शब्द येत होता, मध्ये थांबत होता. "या मुळाला… निर्णायक साक्ष… मिळाली ती… कुणाल म्हात्रे या तरुण…" त्या थांबल्या. "अभ्यासक म्हणू की मित्र?"

मी म्हटलं, "काहीही चालेल." आणि अर्धा तास घोडबंदरच्या ट्रॅफिकवर बोललो. सुशीलाताई दारातून माझ्याकडे बघत होत्या. न सांगता घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. दार सुशीलाताईंनीच उघडलं. "काल गेलास, आज हजर. चप्पल विसरलास की अक्कल?"

"बाई आहेत?"

त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि बाजूला झाल्या.

मी बाईंना फळीचं कार्ड काढायला सांगितलं. त्यांनी खोका न बघता हाताने ओळखला, कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "मागची बाजू तूच वाच. मला तुझं अक्षर लागत नाही आता."

मी वाचलं. आजींचं नाव, गाव, माहेर गावातलंच. मग म्हटलं, "बाई, हे खोटं आहे."

"म्हणजे?"

"हा शब्द आजींनी नाही सांगितला. सुनेने सांगितला. असे अकरा आहेत."

खाली भंगारवाला हाका मारत गेला. बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"सुनेचं माहेर?"

"विचारलं नाही."

"नाव?"

मी कार्डाची कड टेबलाला समांतर करत राहिलो.

"नाव काय तिचं, म्हात्रे?"

इतक्या वर्षांत बाईंनी मला आडनावाने हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "तेही नाही विचारलं."

"तिने हातातलं काम टाकून अकरा शब्द दिले," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आणि तुम्ही सासूचं नाव लावलंत." 'तू' गेलं होतं, 'तुम्ही' आलं होतं. आमच्या घरी कोणी चिडलं की भांडी आपटतात. ते परवडलं असतं.

मी बोलत सुटलो. मोबाईल चार्ज नव्हता, कोणाला कळणार नाही, मूळ कदाचित बरोबरच असेल, पुढच्या आवृत्तीत बघू. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कदाचितसाठी पेन्सिल असते. छापल्यावर ती पुसता येत नाही." मग त्यांनी सुशीलाताईंना छापखान्याला फोन लावायला सांगितला.

छापखान्याचे मालक स्पीकरवर होते. "अहो बाई, शेवटच्या फॉर्मच्या प्लेटा लागल्यात. समारंभाची पत्रिका वाटून झालीय."

"प्लेटा उतरवा."

"आणि समारंभाला काय ठेवायचं टेबलावर?"

"मी असेन ना," बाई म्हणाल्या.

छापखान्याने चार दिवस दिले. त्या गावात फोन लागतो तो फक्त शाळेच्या चढावर, आणि नंबर माझ्याकडे तिथल्या मास्तरांचाच होता. पहिल्या दिवशी मास्तर तालुक्याला गेलेले. दुसऱ्या दिवशी आवाज आला, चित्र नाही; चित्र आलं तर आवाज नाही. मी रोज सकाळी डोंबिवलीला जाऊन बसायचो. बाई चहा द्यायला सांगायच्या, "म्हात्र्यांना चहा दे," आणि पुन्हा भिंग उचलायच्या. त्या चार दिवसांत मी एका जागी तासन्‌तास बसलो, हे आमच्या घरी कोणी खरं मानलं नसतं.

चौथ्या दिवशी दुपारी लागला. पडद्यावर मास्तर, मागे ऊन, मग सून पुढे आली, पाठीवर मूल. शेजारी दगडावर आजी. बाई पडद्याला तिरक्या बसल्या, कडेच्या नजरेने बघायला. फळीचं काही विचारायच्या आधी त्यांनी म्हटलं, "पहले आपका नाम बताइए."

ती हसली. "मेरा किसलिए? सास का लिखिए, घर तो उसी का है।"

"शब्द आपका है।"

तिने मूल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला केलं. "यापी," ती म्हणाली.

"यापी, आपका मायका कहाँ है?"

तिने हात करून दाखवलं. नदीपलीकडे, पूर्वी तीन दिवस चालत लागायचे, आता गाडी जाते. गावाचं नाव सांगितलं. मला ते नाव कार्डांवरून पाठ होतं. जिथे तो शब्द आधीपासून सापडत होता त्याच दऱ्यांतलं. म्हणजे दूर गेलेला माणूस नव्हताच. तीही त्याच नळावरची.

मी बाईंकडे पाहिलं नाही. बाईंनी विचारलं, "और माँजी क्या बोलती हैं उसको?"

मास्तरांनी आजींना विचारलं. आजींनी एक लांबलचक शब्द सांगितला, ज्याचा आमच्या तीन अक्षरांशी काही संबंध नव्हता. मग त्या सुनेकडे बघून बरंच काही बोलल्या आणि यापी तोंडावर हात घेऊन हसली. "बोल रही है, बीस साल हो गए, अभी तक मायके का बोलती हूँ।"

सुशीलाताई मागून म्हणाल्या, "सासवा मेल्या सगळीकडे सारख्याच." त्या दिवसांत बाई तेव्हा एकदा हसल्या.

फोन बंद झाल्यावर त्यांनी खोडरबर मागितला. कार्ड टेबलावर सपाट धरलं, बोटाने चाचपून जागा शोधली आणि आधी तारा पुसला. मग तीन अक्षरं. रबराचा चुरा फुंकून टाकला. तीस वर्षं लागली होती त्या ताऱ्याला, आणि पुसायला अर्धं मिनिट लागलं नसेल. मी म्हटलं, "बाई, सॉरी." त्यांनी निळं पेन माझ्याकडे सरकवलं. "अकरा कार्डं घ्या. मागे लिहा. यापी. सासर, माहेर, दोन्ही." मी लिहिलं. अक्षर या वेळी लागण्यासारखं काढलं.

पुस्तक बावीस पानांनी कमी होऊन निघालं. समारंभाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून शेवटचं पान उघडलं. तिथे ती नोंद: "हे मूळ मी मागे घेत आहे. साक्ष देणाऱ्या व्यक्तीचे माहेर न तपासता ते मांडले गेले. चूक माझी आहे." माझं नाव नाही. त्याच्या अलीकडच्या पानावर, ऋणनिर्देशात, आधी यापी, मग मी. मी कार्यक्रमानंतर त्यांना गाठलं, म्हटलं, हे बरोबर नाही. त्या म्हणाल्या, "आणणारा चुकतोच. तपासायला मी होते." आणि हार सांभाळत पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्या दिवशी मला पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. ज्यांचे सगळे नियम एका गोष्टीसाठी होते, की ज्याने जे दिलं त्याच्यामागे त्याचंच नाव असावं, त्यांनी हे एक कार्ड चुकीचं भरलं. ते मी इथे दुरुस्त करतो. आपल्यापैकी कोणी ती नोंद वाचून बाईंचं वय झालं असं म्हटलं असेल, तर चूक करणारा तेव्हा पंचविशीत होता आणि त्याला नाच बघायचा होता.

माझं 'तुम्ही' तसंच राहिलं. महिनाभर, दोन महिने. मी रविवारी जात होतो, बाई शिकवत होत्या, फेऱ्या चालू होत्या, आता माझा हात धरून. मागच्या रविवारी मी सांगितलं की पावसाळ्याआधी पुन्हा जातोय. आजींचे सगळे शब्द परत घेणार, आणि यापीचे वेगळे. बाई दारापर्यंत आल्या. चौकट चाचपून उभ्या राहिल्या. मी चार पायऱ्या उतरलो असेन.

"मोबाईल चार्ज करून जा रे," वरून आवाज आला.

बाईंना या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने मी काय शुभेच्छा देणार. डोळे जेवढे उरलेत तेवढे राहोत. गुडघे सोसायटीच्या बागेला पुरोत. सुशीलाताईंची जीभ अशीच राहो, कारण त्या घरात तीही औषधासारखीच चालते. काही खोके अजून रिकामे आहेत आणि ते भरेपर्यंत बाईंनी कुठेही जायचं नाही. कार्डं त्यांना दिसणार नाहीत, म्हणून मी वाचून दाखवीन, पुढची बाजू आणि मागचीही, नाव, गाव, माहेर, काही न गाळता. त्यांनी ऐकावं, आणि नाव राहिलं असेल तर मला पुन्हा पाठवावं. शंभर वर्षं पाठवत राहावं.